बाहेरून बी.ए.

१८५८ साली लंडन विद्यापीठाने आपला एक जुना नियम मोडीत काढला. तोवर तिथे पदवीच्या परीक्षेला बसायचे तर मान्यताप्राप्त कॉलेजात शिकल्याचा दाखला लागे. नव्या सनदेने वैद्यकशास्त्र सोडून बाकीच्या विषयांसाठी ही अट काढून टाकली. शाळामास्तराने दिवसभर मुलांना शिकवावे, कारकुनाने कचेरीत पाने भरावीत, रात्री दिव्याशी बसून अभ्यास करावा आणि वेळ आली की परीक्षेला येऊन बसावे. विद्यापीठ विचारणार नाही की तू शिकलास कुठे.

याच्या आदल्याच वर्षी, १८ जुलै १८५७ रोजी, याच लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते. दोघांचेही काम परीक्षा घेण्याचे आणि पदव्या देण्याचे. शिकवायचे ते एल्फिन्स्टनसारख्या संलग्न कॉलेजांनी. मुंबई विद्यापीठाला शिकवणारे स्वतःचे विभाग मिळायला १९१९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग सोपवला गेला. मग जे विद्यापीठ स्वतः शिकवतच नव्हते, त्याला विद्यार्थी कुठे शिकला याची एवढी फिकीर का असावी? पण होती. मुंबईने लंडनकडून जुना नियम उचलला होता आणि लंडनने तो टाकून दिल्यावरही इथे तो राहिला. मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला नाही, तर सिनेटच्या खास आदेशाखेरीज पदवीच्या परीक्षेला बसता येणार नाही, असे कायद्यातच लिहिलेले होते.

बारावीचा निकाल लागला की आज घराघरांत चर्चा होते : मुलीला पुण्याला ठेवायचे, की ऑनलाइन पदवी घेऊ द्यायची? मुलाने नोकरी धरावी आणि पदवी बाहेरून करावी का? प्रश्न इंटरनेटच्या काळातला वाटतो, पण तो इथे पहिल्या पदवीधरांइतकाच जुना आहे. आणि एवढ्या काळात त्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या आवडीनिवडीवर फार कमी वेळा ठरले. ते ठरले खोलीच्या भाड्यावर, दोन वेळच्या जेवणावर, गिरणीच्या पाळीवर, लग्नाच्या तारखेवर आणि जातीवर.

१८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांचे बालपण कोल्हापुरात गेले, भांडारकर मालवणचे. आगगाडीचे जाळे नुकते विणले जात होते. कोकणातून यायचे तर गलबत किंवा आगबोट, देशावरून यायचे तर बैलगाडी आणि घाट. शिकायचे म्हणजे आधी गाव सोडायचे, हा या पदवीचा पहिला धडा होता.

गाव सोडल्यावर टर्म भरायची. कॉलेजात ठरावीक दिवस हजर राहिलात, प्राचार्यांनी तसे लिहून दिले, की टर्म भरली. आजारपण, बाळंतपण, घरची शेती यांत दिवस गेले की टर्म बुडाली आणि टर्म बुडाली की वर्ष बुडाले. आजही हजेरी कमी पडलेल्या मुलांची टर्म ग्रँट होते की नाही, यावर कॉलेजच्या ऑफिसबाहेर पालक ताटकळत उभे असतात, तो याच प्रथेचा धागा. शिवाय ही रीत एकट्या मुंबईची नव्हती. लंडनला बॅरिस्टर व्हायला जाणाऱ्यांना तर आपापल्या इनच्या, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेच्या, भोजनगृहात ठरावीक जेवणे घ्यावी लागत, तेव्हा त्यांची टर्म भरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली ग्रेज इनमध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि तिथला अभ्यास पुरा केला. पुस्तके इथेही वाचता आली असती. बॅरिस्टर होण्यासाठी मात्र तिथे जाऊन राहणे भाग होते.

राहायचे म्हणजे खायचेही. पुण्यात गरीब ब्राह्मण मुलांसाठी वार लावून जेवण्याची सोय होती. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असे सात घरांत सात दिवस. या सोयीने कितीतरी मुले शिकली, पुढे मोठी झाली. पण ही सोय जातीच्या उंबऱ्याआतली होती. मराठा, लिंगायत, मुसलमान किंवा अस्पृश्य मानलेल्या घरातल्या मुलाला वार कोण लावून देणार? कॉलेजचे दार कागदोपत्री त्यालाही उघडे होते, पण त्याच्या ताटाची व्यवस्था कोणीच केलेली नव्हती.

ही गोष्ट राजर्षी शाहू महाराजांनी नेमकी ओळखली. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. राजाराम कॉलेज तर आधीपासून होतेच. बोर्डिंगांमुळे तिथवर पोचणारी मुले बदलली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानीही वसतिगृहच होते. एका छताखाली सगळ्या जातींची मुले राहायची, श्रम करायची आणि त्या श्रमावर शिकायची. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही रीत शाळेतून थेट पदवीपर्यंत पोचली.

गोव्याची कथा आणखी लांबच्या प्रवासाची. पोर्तुगीज राजवटीत पणजीला १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, लिसेयम ही माध्यमिक शाळा होती, पण कला किंवा विज्ञानाची पदवी देणारे कॉलेज नव्हते. इंग्रजी शिकायला गोव्याची मुले सरहद्द ओलांडून बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठत. मुंबईत गावोगावच्या मंडळांनी चालवलेल्या कुडांत ख्रिस्ती गोवेकरांना स्वस्तात डोके टेकायला जागा मिळे. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही कॉलेजे निघाली. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. गोव्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९८५ मध्ये. महाराष्ट्रातही चित्र वेगळे नव्हते. नागपूरला १९२३ मध्ये, पुण्याला १९४९ मध्ये, मराठवाड्याला १९५८ मध्ये आणि कोल्हापूरला १९६२ मध्ये विद्यापीठ आले. त्या त्या भागातल्या मुलांसाठी पदवी किती मैलांवर होती, हे या तारखांवरून कळते.

काहींना गाव सोडायची गरज नव्हती. ते मुंबईतच राहत होते. त्यांच्याकडे नव्हता तो दिवस. दिवस मालकाला विकलेला होता.

रात्रीच्या शिक्षणाची परंपरा इथे विद्यापीठाहूनही जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रीचे वर्ग, वाचनालये चालवली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून प्रौढ, विवाहित आणि विधवा स्त्रियांसाठी वर्ग भरवले. या सगळ्यांनी विद्यार्थ्याचा दिवस आधी पाहिला आणि मग वेळापत्रक आखले. पण हे बहुतेक काम शाळेच्या पातळीवरचे. पदवीचे कॉलेज मात्र दिवसाच भरे आणि ज्याला दिवस मोकळा, त्याच्यासाठीच भरे.

या बाबतीत मुंबईत मोठा बदल घडवला तो सिद्धार्थ कॉलेजने. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. पुढे फोर्टातल्या आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींत ते स्थिरावले. जागाही मोलाची होती : आसपास सरकारी कचेऱ्या, बँका, विमा कंपन्या, टपाल खाते आणि हाकेच्या अंतरावर बोरीबंदर स्टेशन. नोकरी करणाऱ्यांसाठी कॉलेजने सकाळचे वर्ग ठेवले. परळच्या किंवा कुर्ल्याच्या चाळीतून पहाटेची लोकल पकडायची, तास करायचे आणि कचेरीच्या वेळेला चालत कामावर हजर व्हायचे. कारकुनाला पदवीसाठी नोकरी सोडावी लागली नाही, शिपायाला कारकून होण्याची वाट मिळाली. पाठोपाठ १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या दलित मुलांसाठी तिथे वसतिगृहे उभी राहिली.

वर्गात आणि वसतिगृहात एकत्र राहण्याने काय होते, हे या संस्थांच्या अवतीभवतीच दिसते. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात शिकणारे, लिहिणारे तरुण जमत. रात्र रात्र वाद होत, हस्तलिखिते वाचली जात. १९७२ मध्ये दलित पँथर ही संघटना उभी राहिली, तिच्या घडणीत या खोल्यांचा वाटा होता. अभ्यासक्रमाच्या कोणत्याच पानावर ही गोष्ट नव्हती आणि टपालाच्या पाकिटात ती घालून पाठवता आली नसती. कॉलेजात जाण्याच्या बाजूने जेवढे म्हणून सांगता येते, त्यातले हे सगळ्यात वजनदार.

तरीही सकाळही मोकळी नसलेले लोक होतेच. आदिवासी पाड्यावरचा प्राथमिक शिक्षक, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली मुलगी, सैन्यातला जवान, बदलीवर फिरणारा पोलीस. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांनी अशांसाठी हळूहळू बाहेरून परीक्षेला बसण्याची वाट काढली. पुणे विद्यापीठात तिला बहिःस्थ म्हणत, मुंबईत एक्स्टर्नल. शाळेच्या पातळीवर हेच काम सतरा नंबरच्या फॉर्मने केले. शाळा सुटलेल्या माणसाने १७ नंबरचा फॉर्म भरावा आणि दहावी-बारावीला खाजगीरीत्या बसावे. ‘बाहेरून बी.ए. केले’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी कधी अभिमानाने आणि कधी जरा खाली मान घालून उच्चारले आहे.

बाहेरून बसणाऱ्याला विद्यापीठ परीक्षा देई, पण शिकवण देत नसे. अभ्यासक्रमाचे पुस्तक, बाजारातले गाइड आणि आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एवढ्या शिदोरीवर त्याचे सगळे चाले. ही उणीव भरून काढण्याचा उपाय इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वीच निघाला होता. १८४० मध्ये तिथे स्वस्त टपाल सुरू झाले आणि आयझॅक पिटमन यांनी लघुलिपीचे धडे टपालाने द्यायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने धडा लिहून पाठवायचा, तो तपासून परत यायचा. टपाल खाते स्वस्त आणि भरवशाचे झाले, तेव्हाच दुरून शिकवणे शक्य झाले.

भारतात विद्यापीठीय पातळीवर हे घडायला १९६२ साल लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंग कोठारी यांच्या समितीने शिफारस केली आणि दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा बी.ए. सुरू केले. पहिल्या तुकडीत अकराशेच्या घरात विद्यार्थी होते. दोनच वर्षांनी याच कोठारींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. खेड्यातल्या मुलाला शाळा कुठे सुटते आणि का सुटते, हे या माणसाने जवळून पाहिलेले. १९६६ च्या अहवालात आयोगाने म्हटले की, पुढच्या वीस वर्षांत उच्चशिक्षणातले किमान एक तृतीयांश विद्यार्थी सायंकालीन कॉलेजे आणि पत्रद्वारा अभ्यासक्रम यांतून शिकावेत. आयोगाच्या लेखी ही मागच्या दाराची सोय नव्हती; देशाच्या उच्चशिक्षणाचा तो एक मुख्य खांब होता.

मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचे संचालनालय काढले. करस्पॉन्डन्सच्या विद्यार्थ्याचे वर्ष पोस्टमनवर अवलंबून असे. जाड खाकी पाकीट यायचे. आत सायक्लोस्टाइल केलेल्या किंवा साध्या कागदावर छापलेल्या नोट्स, कडेला शाई पसरलेली, मधूनच एखादे पान कोरे. प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न. गिरगावात राहणाऱ्याला हे पाकीट वेळेवर मिळे, सिंधुदुर्गातल्या वाडीवर पावसाळ्यात ते कधी भिजून येई, कधी परीक्षा तोंडावर आल्यावर. सुट्टीच्या दिवशी संपर्क वर्ग भरत आणि ज्यांना शक्य होते ते लांबून त्यासाठी येत. एकटा अभ्यास करणारा माणूस आपल्यासारखे आणखी कोणी आहे, हे बघायलाही तिथे येई.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये ओपन युनिव्हर्सिटी निघाली. १९६९ मध्ये तिला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी आले. प्रवेशासाठी आधीची कोणतीही परीक्षा लागत नव्हती. बीबीसीवर भल्या सकाळी आणि रात्री उशिरा तिची व्याख्याने लागत, म्हणून ती जगभर दूरचित्रवाणीचे विद्यापीठ म्हणून गाजली. तिचा खरा डोलारा मात्र वेगळ्या गोष्टींवर उभा होता. काळजीपूर्वक तयार केलेली छापील पुस्तके, प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक नेमलेला शिक्षक, गावोगावची अभ्यासकेंद्रे आणि उन्हाळ्यात एखाद्या विद्यापीठात आठवडाभर राहून करायचे वर्ग. दुरून शिकवणाऱ्या जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या संस्थेने प्रत्यक्ष भेटीचा धागा सोडला नव्हता.

भारतात हा विचार आधी हैदराबादला रुजला. १९८२ मध्ये आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ निघाले. आज ते बाबासाहेबांच्या नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाव योग्य माणसाचे होते. मुख्यमंत्री असताना यशवंतरावांनी आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फी माफ केली होती आणि ‘ईबीसी’ या तीन अक्षरांवर ग्रामीण महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी कॉलेजात पोचली होती. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राम ताकवले नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद त्यांच्या काळात शब्दशः घेतले गेले. बारावी न झालेल्या माणसालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पूर्ण करून बी.ए.ला प्रवेश मिळू लागला. पुस्तके मराठीत लिहून घेतली गेली आणि ती शिक्षक शेजारी नसताना एकट्याने वाचायची आहेत, हे लेखकांना आधी बजावले गेले. शेतीचे, उद्यानविद्येचे अभ्यासक्रम आले. ज्यांच्या हातात आधीच खुरपे होते, त्यांना प्रमाणपत्र मिळू लागले.

या विद्यापीठाचे काम कळायला रविवारी तालुक्याच्या गावातल्या अभ्यासकेंद्रावर जावे लागते. एरवी शाळेची मुले बसतात त्या बुटक्या बाकांवर चाळिशीच्या बाया आणि पस्तिशीचे गडी दाटीवाटीने बसलेले असतात. एका बाकावर अंगणवाडी सेविका, तिच्या शेजारी तिचीच मुलगी. दोघींची परीक्षा एकाच वर्षी. मागे एस.टी.चा वाहक, ड्यूटी बदलून आलेला. शिकवायला स्थानिक कॉलेजातले प्राध्यापक, त्यांना इथे संमंत्रक म्हणतात. पुस्तक विद्यार्थ्याने घरी वाचलेले आहे असे धरून ते अडलेले तेवढे सोडवून देतात. केंद्रसंयोजकाच्या टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे, फोटो चिकटवायच्या फॉर्मांची चळत आणि गृहपाठाच्या वह्या. दोन तासांत इतिहासाचा एक घटक होतो, चहा होतो, पुढच्या रविवारी कोण कुणासोबत गाडीवर येणार हे ठरते. शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून पाचच्या आत वर्ग सुटतो.

अशा पदव्यांच्या किमतीबद्दलची शंका मात्र कायम राहिली. लग्नाच्या बैठकीत, नोकरीच्या मुलाखतीत ‘रेग्युलर की डिस्टन्स?’ हा प्रश्न येईच. काही शंका रास्तही होत्या. देशात काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना अभियांत्रिकीच्या पदव्या पत्रद्वारा वाटल्या आणि ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकाराला चाप लावला. यंत्रावर हात न ठेवता अभियंता होता येत नाही, रुग्ण न पाहता परिचारिका होता येत नाही, हे कुणीही मान्य करील. पण त्या निकालाचे सावट मराठीत किंवा अर्थशास्त्रात बाहेरून एम.ए. केलेल्या शिक्षिकेवरही पडले आणि तो तिच्यावर अन्याय होता.

टपालानंतर पडदा आला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरचित्रवाणीवरचा वर्ग दूरदर्शनवरून दिसू लागला. २००० मध्ये ‘ज्ञानदर्शन’ वाहिनी आली, २००४ मध्ये शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह आकाशात गेला. २००३ पासून आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटेल या ऑनलाइन उपक्रमातून येऊ लागली आणि गावातल्या अभियांत्रिकी कॉलेजातला मुलगा पवईच्या प्राध्यापकाकडून शिकू लागला. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आले, तिथे मिळवलेले श्रेयांक आपल्या कॉलेजच्या पदवीत धरता येऊ लागले. साधन दर दहा वर्षांनी बदलले, पण एक गोष्ट बदलली नाही : ज्याच्याकडे घरात शांत कोपरा आणि मोकळा वेळ होता, त्याला ते साधन अधिक उपयोगी पडले. हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांच्या एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम तीन टक्के होते. व्याख्याने उत्तम, शिकवणारे जगातले नामांकित, तरी शंभरातले सत्त्याण्णव जण वाटेत थांबले. अर्थात सगळ्यांनाच प्रमाणपत्र हवे नव्हते. पण नाशिकच्या विद्यापीठाने रविवारच्या केंद्रावर एवढा जोर का दिला, हे या आकड्यापाशी नीट समजते.

मार्च २०२० मध्ये निवड कुणाच्याच हाती उरली नाही. टाळेबंदीत महाराष्ट्रातली सगळी कॉलेजे एका फटक्यात ऑनलाइन झाली, तीही कसलीही तयारी नसताना. घरात एकच स्मार्टफोन, तो वडील कामावरून आले की हाती पडायचा. कोकणात आणि सातपुड्यात रेंज मिळवायला मुले डोंगरावर चढली, तिथे ताडपत्रीची खोपटी बांधून बसली. अंतिम वर्षाच्या परीक्षांवरून राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग समोरासमोर आले. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा घ्याव्याच लागतील असा निर्णय दिला आणि त्या वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षाचे पेपर बहुतांशी घरून, पर्यायी प्रश्नांवर टिचक्या मारून दिले. रसायनशास्त्राच्या मुलांनी ब्युरेटला हात न लावता सत्र काढले. हा अनुभव ऑनलाइन शिक्षणाची खरी कसोटी नव्हता. मुक्त विद्यापीठांनी जे वर्षानुवर्षे खपून उभे केले होते, म्हणजे एकट्याने वाचता येतील अशी पुस्तके, जवळचे केंद्र, अडले तर विचारायला माणूस, त्यातले काहीच या मुलांना दिले गेले नव्हते. वर्गातले व्याख्यान तसेच उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवले गेले.

त्यानंतरचे बदल झपाट्याने झाले. सप्टेंबर २०२० मध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी आयोगाने नवे नियम काढले. त्याच वर्षी आय.आय.टी. मद्रासने डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला, त्याच्या परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. २०२२ मध्ये आयोगाने दोन गोष्टी जाहीर केल्या : मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल आणि एकाच वेळी दोन पदव्या घेता येतील, त्यातली एक कॉलेजात आणि दुसरी ऑनलाइनही चालेल. लंडनने १८५८ मध्ये मान्य केलेले तत्त्व इथे पूर्णपणे मान्य व्हायला १६४ वर्षे गेली.

म्हणून आज ‘ऑनलाइन की कॉलेज’ असे विचारणाऱ्या कुटुंबाला या इतिहासातून नेमके प्रश्न मिळतात. विषयाला प्रयोगशाळा लागते का? लागत असेल तर वाद संपला, गाव सोडावेच लागेल. संस्थेला आयोगाची चालू वर्षाची मान्यता आहे का? परीक्षाकेंद्र आणि अभ्यासकेंद्र किती अंतरावर आहे, तिथे खरोखर वर्ग भरतात का? घरात मुलीला रोज दोन तास कोणी हाक मारणार नाही, याची हमी कोण देईल? आणि दुसऱ्या बाजूने : फी तर सवलतीत भागेल, पण शहरातल्या खोलीचे आणि मेसचे काय? वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची स्वाधार योजना राहण्या-जेवण्याचे पैसे देते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये जो प्रश्न ओळखला, तोच ही योजना आज सोडवू पाहते. ज्या घराला हा आधार मिळत नाही, त्या घरातली मुलगी ऑनलाइन पदवी ‘निवडते’, असे म्हणणे खरे नाही. तिच्यासमोर दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो. निवड खरी व्हायची असेल, तर वसतिगृहातली खाट आणि तालुक्यातले जिवंत अभ्यासकेंद्र, दोन्हीही सरकारने आणि विद्यापीठांनी उभे केले पाहिजे. एक दिले म्हणून दुसऱ्यातून सुटका नाही.

ही मागणी अशक्य कोटीतली नाही, याचा दाखला राज्याच्या पूर्व टोकाला आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली कॉलेजे २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाखाली होती. त्या वर्षी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाने अलीकडे ‘विद्यापीठ आपल्या गावात’ हा उपक्रम हाती घेतला आहे. शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढ आदिवासी स्त्री-पुरुषांनी शहरात यायचे नाही आणि मोबाइलच्या रेंजची वाटही पाहायची नाही. शेतातली कामे आटोपल्यावर गावातच पदवीचे वर्ग भरतात आणि शिकवणारे तिथवर जातात.